सेटिंगवाले काका

‘सेटिंग’ या शब्दाला आपल्याकडे जरा वास येतो. सेटिंग लावणारा माणूस म्हटलं की टेबलाखालून सरकणारं पाकीट डोळ्यांपुढे येतं. आमच्या सी विंगमधले सेटिंगवाले काका मात्र निष्कलंक आहेत. ते फक्त किंडलची सेटिंग लावतात आणि मोबदल्यात तुमचा एक रविवार घेतात.

सहा वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त होताना काकांना शाल, श्रीफळ आणि किंडल मिळालं. श्रीफळाच्या वड्या झाल्या, शाल मेहुण्याच्या एकसष्टीला पुढे सरकली, किंडलवर मात्र काकांचं काम अजून चालूच आहे. ‘काम’ हा शब्द मी विचार करून वापरतोय. काकूंचं म्हणणं असं, की सहा वर्षांत यांनी एकच पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, ते म्हणजे किंडलमध्येच येणारं किंडलचं माहितीपुस्तक. तेही दोनदा.

दिवाळीच्या सेलमध्ये मी किंडल घेतलं आणि ते हातात घेऊन लिफ्टमध्ये शिरायची चूक केली.

“पेपरव्हाइट?” काकांनी विचारलं. नव्या सुनेकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघत होते. “रविवारी साडेनऊला घेऊन ये. आणि चार्ज करून आणू नकोस. मला बॅटरीची मूळ प्रकृती बघायचीय.”

रविवारी संकष्टी होती. काकू ओट्याशी साबुदाणा भिजवत होत्या. काकांनी माझं किंडल वैद्याने मनगट धरावं तसं धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “एअरप्लेन मोड?”

“बंद आहे.”

काकांनी काकूंकडे पाहिलं. तपासणी झाल्यावर डॉक्टर पेशंटला सोडून नातेवाइकांकडे बघतात ना, तसं.

“अरे, ही पहिली टीप! पुस्तक उतरवून झालं की एअरप्लेन मोड चालू. बॅटरी खातं ते वाय-फाय आणि दिवा. पडदा काहीच खात नाही. का? अगं, जरा साबुदाणा दे.”

काकूंनी न बघता वाटी पुढे केली. सवयीचा हात होता.

“हा एक दाणा. पडद्यात असे लाखो असतात, केसाच्या जाडीएवढे. प्रत्येकाच्या पोटात पांढरे कण आणि काळे कण, दोघांचे विद्युतभार उलटे. विजेचा एक धक्का दिला की काळे वर येतात, दुसरा दिला की पांढरे. आणि एकदा वर आले की आले! पुढचं पान उलटेपर्यंत वीज लागतच नाही. म्हणून याची बॅटरी आठवडे चालते आणि तुझा मोबाइल दुपारी मान टाकतो. दिवासुद्धा बघ, मोबाइलसारखा मागून डोळ्यांत येत नाही, कडेने पानावर पडतो.”

एवढं सांगून दाणे त्यांनी वाटीत परत टाकले. खरं सांगायचं तर ई-इंक मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. संध्याकाळी खिचडी खाताना प्रत्येक दाण्याबद्दल आदर वाटला.

त्यानंतर टिपा श्रावणसरींसारख्या आल्या. अडलेल्या शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो आणि तो शब्द एका वहीत जमा होत राहतो. समोरासमोरचे दोन कोपरे एकदम दाबले की पडद्याचा फोटो निघतो. अडून बसलं तर बटण चाळीस सेकंद दाबून धरायचं. याचं प्रात्यक्षिक झालं. काका मोठ्याने आकडे मोजत होते, सदतिसाव्याला इस्त्रीवाल्याने बेल वाजवली आणि काकांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. किंडल केव्हाच बंद होऊन चालू झालं होतं. पण चाळीस म्हणजे चाळीस.

मग त्यांनी मला न विचारता ‘लोकप्रिय अधोरेखनं’ बंद केली. अमुक इतक्या लोकांनी हे वाक्य अधोरेखित केलंय, असं सांगणाऱ्या त्या तुटक रेघा काकांना खपत नाहीत. “लायब्ररीतलं पुस्तक वाचतोय का आपण?” इथे माझं काकांशी जमत नाही. आमच्या गावच्या वाचनालयातल्या रहस्यकथेत कुणीतरी तिसऱ्याच पानावर पेन्सिलीने ‘खुनी डॉक्टर आहे’ असं लिहून ठेवलं होतं. तो माणूस खोटं बोलत होता हे मला शेवटच्या पानावर कळलं. दोन-दोन रहस्यं, तीही आठ आण्यांत! ती मजा किंडलच्या तुटक रेघेत नाही, पण नसल्यापेक्षा बरी. मी घरी येऊन त्या परत चालू केल्या.

काकांचा खरा प्राण आहे कॅलिबर. हे फुकटचं सॉफ्टवेअर. कुठल्याही जातीच्या ई-पुस्तकाचं कुठल्याही जातीत रूपांतर करतं, आणि ते लिहायला घेतलं कोविद गोयल या भारतीय माणसाने, २००६ साली. हे नाव काका छातीवर हात ठेवून घेतात. “कोविद म्हणजे विद्वान बरं का!”

“मीसुद्धा कोविद आहे,” ओट्याकडून आवाज आला. “वर्ध्याची हिंदीची परीक्षा. दुसऱ्या श्रेणीत.”

पूर्वी किंडलला ईपब जातीचं पुस्तक चालत नसे. तेव्हा अख्खी सोसायटी पेनड्राइव्ह घेऊन काकांच्या दारात असायची. २०२२ साली नुसती मेल केलेली ईपबसुद्धा किंडल घेऊ लागलं, आणि काका चार दिवस गच्चीवर एकटेच फिरत होते. गल्लीत नळ आल्यावर पाणक्याचं असंच झालं असणार.

तरी मराठी पीडीएफने त्यांना तारलं. ते रणांगण अजून मोकळं आहे. गणेशोत्सव मंडळाच्या आरतीसंग्रहाची पीडीएफ काकांनी हौसेने किंडलसाठी बदलायला घेतली. ती होती युनिकोडच्या आधीच्या छापखानी फॉन्टमधली. त्या फॉन्टात दिसायला मराठी असतं, पण पोटात सगळं रोमन. रूपांतर झाल्यावर सुखकर्त्याच्या जागी डॉलर, टक्के, उद्गारचिन्हं आणि डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं उमटली. काका दोन महिने ते हाताने सुधारत होते. गणपती आले, गेले. शेवटी ते ज्या निष्कर्षाला पोचले तो फार उपयोगी आहे: अशा पीडीएफच्या वाटेला जाऊच नये. किंडल आडवं धरावं, म्हणजे अर्धं पान रुंदीभर मोठं दिसतं, आणि गप वाचावं.

“आणि बॅकअप!” काकांचा आवाज खाली आला. खिडकी बंद आहे ना ते त्यांनी बघितलं. “२००९चा जुलै. अमेरिकेत लोक झोपले होते, सकाळी उठून बघतात तर किंडलमधून पुस्तक गायब! विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणून अ‍ॅमेझॉनने परस्पर काढून घेतलं. पैसे परत दिले, पण पुस्तक कुठलं? ऑर्वेलचं ‘१९८४’!” हा किस्सा घडलेला आहे. ‘लोक झोपले होते’ ही काकांची भर. म्हणून काकांच्या पुस्तकांची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि त्या पेनड्राइव्हची एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये, काकूंच्या पाटल्यांशेजारी असते.

बोलण्याच्या ओघात त्यांचं स्वतःचं किंडल माझ्या हातात आलं. अकराशे त्रेचाळीस पुस्तकं. सगळी कप्प्यांत लावलेली: ‘वाचायची’, ‘नक्की वाचायची’, ‘निवृत्तीनंतर वाचायची’. प्रत्येक पुस्तकाखाली किती वाचून झालं त्याचा टक्का. दोन, तीन, एक, तीन. एकावर अकरा टक्के दिसले म्हणून मी उत्साहाने उघडलं, तर पहिले अकरा टक्के म्हणजे प्रस्तावना आणि ऋणनिर्देश.

“वाचतोय हळूहळू,” काका म्हणाले. “आधी अक्षराची जाडी ठरू दे. सध्या चार आणि पाचच्या मध्ये अडकलोय.”

काकू खुर्चीत वाचनालयाचा दिवाळी अंक घेऊन बसल्या होत्या. पान कुठवर आलं ते कळायला त्यांनी त्यात विजेचं बिल घातलं होतं.

दीड वाजता मी उठलो तेव्हा काका म्हणाले, “थांब, मेलचं राहिलं.” प्रत्येक किंडलला स्वतःचा ईमेल पत्ता असतो. आपण मान्य केलेल्या पत्त्यावरून तिथे काहीही पाठवलं की ते पुस्तकासारखं येऊन बसतं. काकांनी माझा मोबाइल घेतला, माझ्या खात्यात शिरले आणि मान्य यादीत माझा पत्ता घातला. खाली दुसराही घातला. “माझा पण टाकून ठेवलाय. काही चांगलं मिळालं की पाठवत जाईन.”

तेव्हापासून माझ्या किंडलवर ‘चांगलं’ येतंय. वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. ताकाचे एकवीस फायदे. पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक. काकांच्या पुतण्याचा बायोडेटा, पत्रिकेसकट. माझ्या माहितीत कुणी असेल तर म्हणून. यादीतून त्यांचं नाव काढायला एक मिनिट लागेल, हे मला ठाऊक आहे. पण काका रोज लिफ्टमध्ये विचारतात, “आलं का?” चौथा मजला येईपर्यंत खोटं बोलणं मला जमत नाही.

परवा रात्री एक वाजता मी एका खुनाच्या तपासात होतो. नव्वद टक्के झाले होते, इन्स्पेक्टर जिना चढत होता, तेवढ्यात बॅटरी किती उरलीय ते बघायला मी मुख्य पानावर गेलो. तर नवीन कागद येऊन पडलेला: ‘किंडलसाठी उपयुक्त सूचना – सुधारित आवृत्ती, पाने ६४’.

उघडलं. सूचना पहिली: ‘वाचताना एअरप्लेन मोड चालू ठेवावा, म्हणजे मध्येच काही येत नाही.’