'सावधान' ऐकलेला एकच नवरदेव

डहाणू तालुक्यातल्या रानशेतच्या माणसाला गावाच्या नावाचा अर्थ विचारला, तर तो आधी तुमच्याकडे जरा संशयानेच पाहील. रानातलं शेत, की शेतात घुसलेलं रान? समासाचा विग्रह दोन्ही बाजूंनी होतो. एसटीच्या पाटीला त्याची गरज पडत नाही. नाव कुठे उतरायचं एवढं सांगतं आणि त्या भांडवलावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं बरोबर ठिकाणी उतरतात. माझं म्हणणं असं की, जुन्या चाहत्याचं आवडत्या गाण्याशी नेमकं हेच नातं असतं. गाणं काय म्हणतंय यापेक्षा 'आता आपण काय करायचं' हे त्याला पाठ असतं. मान कुठे डोलवायची, टाळी कुठे द्यायची, डोळे कुठे पुसायचे, आणि शेजारच्याला 'आता ऐक हं' म्हणून कोपर कुठे मारायचं. शब्द म्हणजे त्या त्या थांब्यांवरच्या पाट्या.

या सिद्धान्ताचा सर्वांत चोख पुरावा रानशेतच्या आसपासच आहे, कारण तारप्याने शब्दांची कटकट मुळातच ठेवलेली नाही. वाळवलेला दुध्या भोपळा, त्याला मेणाने बसवलेल्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा आणि मागे गाल फुगवून दम न तोडता फुंकणारा वारली. भाताचं पीक हाताशी आलं की हा आवाज पाड्यांवरून उठतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरतात, त्याच्याकडे पाठ करत नाहीत, आणि त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. आता 'प्रस्तुत चालीचा भावार्थ तुमच्या शब्दांत लिहा' असा प्रश्न काढला, तर आख्खा पाडा नापास होईल. नाचात मात्र प्रश्न काढणाराच तेवढा चुकेल. त्याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही वेटोळ्यात फिरणारी माणसं पांढऱ्या रंगाने जगभर पोचवली, 2011 साली पद्मश्री मिळवली; पण तारपा काय म्हणतो ते त्यांच्या चित्रातही लिहिलेलं नाही. तरी बघणाऱ्याची नजर न सांगता गोल फिरते.

इथे शहरातला वाचक म्हणणार, तारप्याचं ठीक आहे, आमच्या गाण्यांना शब्द असतात आणि आम्ही ते ऐकतो. ऐकता? मग मंगलाष्टकांचं काय? एकोणीस अक्षरांच्या शार्दूलविक्रीडितात देव, नद्या आणि आशीर्वाद ओळीने हजेरी लावून जातात. मांडवात लोक जेवणाच्या पंगतीची चौकशी करत असतात. सगळ्यांचे कान एकाच शब्दावर असतात, 'सावधान'. तोही अर्थासाठी ऐकायचा नसतो, अक्षता टाकण्यासाठी ऐकायचा असतो. महाराष्ट्राच्या इतिहासात हा शब्द अर्थासकट ऐकलेला एकच नवरदेव आख्यायिकेने नोंदवला आहे. तो बोहल्यावरून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला. म्हणजे शब्दांकडे नीट लक्ष देणारा श्रोता किती धोकादायक असतो बघा. सगळ्यांनीच असं लक्ष दिलं असतं, तर राज्यात मठ फार झाले असते आणि ते चालवायला माणसं उरली नसती.

यातला काव्यगत न्याय असा की, गणपतीची जी आरती समर्थांच्या नावावर आहे, तिच्यातलाच एक शब्द घरोघर चुकीचा म्हटला जातो. कवीने देवाला 'संकटी' पावायला सांगितलं. भक्तांनी त्याचं 'संकष्टी' करून टाकलं. शुद्धीवादी दर भाद्रपदात हळहळतात. मला भक्तांची बाजू पटते. संकटं काय, रोजची आहेत. संकष्टी महिन्यातून एकदा, तिथी ठरलेली, चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरवर छापलेली. देवाकडे मागणं मागायचं तर मुदत घालून मागावं, हा व्यवहार इथे कवीपेक्षा गर्दीला जास्त कळला आहे. शिवाय शुद्ध शब्द माहीत असलेला माणूस आरतीत एकटा पडतो. आजूबाजूचे तीस गळे 'ष्टी' म्हणत असताना त्याचा 'टी' निरांजनातल्या धुरासारखा वर निघून जातो.

लावणीकडे तर मी भीत भीतच वळतो. 'सांगत्ये ऐका' हा चित्रपट 1959चा. त्यातल्या बुगडी हरवण्याच्या लावणीत बुगडीचाच शोध चाललेला नाही, हे मोठ्या माणसांना कळतं. तरी शाळेच्या स्नेहसंमेलनात तिसरीतली मुलगी नऊवारी नेसून तीवर नाचते, आजी मोबाईल आडवा धरून चित्रण करते, आणि प्रमुख पाहुणे 'आपली संस्कृती' यावर बोलतात. यात कोणी दांभिक नाही. त्यांच्या लेखी त्या लावणीचा अर्थ नऊवारी, ढोलकी आणि आपली नात, इतकाच. हा केवळ मराठी भोळेपणा समजू नये. अमेरिकेत 1984 साली ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' गाजलं. व्हिएतनामहून परतलेल्या आणि देशाने वाऱ्यावर सोडलेल्या सैनिकाची ती कैफियत; लोकांनी ती झेंडा फडकवत म्हटली, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी प्रचारसभेत या गायकाच्या गाण्यांतल्या आशेचे गोडवे गायले. बहुधा त्यांनीही ढोलकीच ऐकली असावी.

आता खरा चिवट आक्षेप. ग्रेस यांचे चाहते अर्थासाठी जीव टाकतात, त्यांचं काय करणार? 'निवडुंग' (1989) मध्ये हृदयनाथ मंगेशकरांनी गायलेली त्यांची पावसातली कविता घ्या. 'ती' गेली, हे नक्की. पण ती आई, प्रेयसी की आणखी कोणी, यावर मराठी माणसं चहाचे किती पेले रिकामे करून बसली आहेत. दुर्बोधतेचा आरोप कवीला आयुष्यभर चिकटला. तरी या वादावर मी बारकाईने विचार केला आहे आणि माझा निष्कर्ष असा की, वाद घालणाऱ्यांना निकाल नकोच आहे. उद्या कोणी सही-शिक्क्यानिशी 'ती अमुक होती' असा दाखला आणून दिला, तर ते तो फाडून टाकतील. एकाने आई म्हणायचं, दुसऱ्याने मान हलवायची, तिसऱ्याने काचेवरचा पाऊस बघायचा. हाही कमरेत हात घालून केलेला फेरच आहे, आणि मधोमध असलेल्या कवितेकडे यांच्यातलंही कोणी पाठ करत नाही.

एका आक्षेपापुढे मात्र मला विनोद आवरता घ्यावा लागतो. शब्दांचा अर्थ बिनमहत्त्वाचा, हे म्हणायला सोपं. याच डहाणू-तलासरीत त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. वारली लग्न लावते ती धवलेरी. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, पालघट देवी त्यात बसते, आणि धवलेरी गाणी म्हणत लग्न पुढे नेते. तिच्या जुन्या शब्दांचा अन्वय मांडवातल्या प्रत्येकाला लागत असेलच असं नाही, लग्न लागतं. पण त्याच लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे उचलले, की नवरा-बायको त्याच्या घरी वर्षानुवर्षं राबायची. त्यांना लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हे लिहून ठेवलं आहे. एकाच लग्नात दोन प्रकारचे शब्द होते, धवलेरीचे आणि सावकाराच्या वहीतले. पहिले न कळल्याने कोणाचं वाईट झालं नाही. दुसरे ज्याला वाचता येत होते, तो मालक झाला. 1945 साली तलासरीजवळ झरीला वारली जमले, तेव्हा वेठ नाही म्हणजे नाही, हे त्यांनी अर्थासकट ऐकलं आणि अर्थासकट पाळलं. तेव्हा माझा सिद्धान्त गाण्यापुरताच धरावा. कर्जाच्या कागदावर मान डोलवू नये.

गाण्यापुरता तरी तो टिकतो का, याची परीक्षा आता हळदीच्या मांडवात चालू आहे. तिथे तारप्याची चाल की-बोर्डवर वाजते. की-बोर्डाला दम भरावा लागत नाही, भोपळा लागत नाही, भात पिकण्याची वाट पाहावी लागत नाही; वैशाखातही बटण दाबलं की सुगी. जाणते म्हणतात, अर्थ गेला. पण शब्द तर आधीही नव्हते, मग गेलं काय? माझ्या मते अडचण फार साधी आहे. फेर धरायचा तर मधोमध कोणीतरी लागतो, आणि इथे मांडवाच्या एका कडेला स्पीकरची भिंत उभी असते. तिच्याभोवती फिरता येत नाही. पाठ न करता नाचायचं, तर सगळ्यांनी एका ओळीत तिच्याकडे तोंड करून उभं राहावं लागतं, शाळेच्या प्रार्थनेसारखं.