बोडोनीत नाव

प्रस्तुत लेखकाला आपलं नाव बोडोनीत छापलेलं बघायची भारी हौस. तेही बोल्डमध्ये. या टाइपात उभी रेघ गच्च जाड, आडवी केसाएवढी. मधलं काही नाही. त्यात कोणाचंही नाव घाला, माणूस निदान कुठल्याशा मंडळाचा अध्यक्ष तरी वाटतो. फॅशनवाल्यांनी हे केव्हाच ओळखलं. ‘व्होग’चं नाव ज्या दिदोत असतं, तो याच घराण्याच्या पॅरिस शाखेतला. लंडनमध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या वळणाला आणखी खुराक घालून ‘फॅट फेस’ काढले आणि लॉटरीच्या जाहिरातींना जुंपले.

लेखकाने व्हिजिटिंग कार्डं केली. कागद हातबनावटीचा, खरबरीत. नाव आठ पॉइंटात. आडनावातल्या ‘एच’ची आडवी रेघ कागदाने गिळली, उरले दोन खांब. ‘ई’चे तिन्ही हात गेले. लोक रोमन आकडे समजून बेरीज करू लागतात.

“साहेब, हा टाइप लांबून बघायचा असतो,” छापखानेवाला म्हणाला. कार्डं वाटणं चालू आहे.

या टाइपाचा कर्ता जाम्बात्तिस्ता बोडोनी (१७४०–१८१३) तरुणपणी रोमला, धर्मप्रसार मंडळाच्या छापखान्यात होता. परक्या लिप्यांच्या खिळ्यांशी त्याची ओळख तिथलीच. १७६८मध्ये तो पार्माच्या ड्यूकच्या छापखान्याचा प्रमुख झाला. आणि रोमच्या त्याच छापखान्यातून १७७१मध्ये देवनागरी वर्णमालेचं पुस्तक निघालं, चक्क देवनागरी खिळे जुळवून! थोडक्यात चुकामूक झाली. बोडोनी तिथे टिकता, तर आपल्या काना-वेलांट्या मांडवाच्या खांबांएवढ्या झाल्या असत्या, शिरोरेषा शोधायला भिंग लागलं असतं आणि ‘घ’ की ‘ध’ यावर घराघरांत भांडणं पेटली असती. या कल्पनेवर लेखक तासन्‌तास बोलू शकतो. घरात ऐकणारं कोणी उरलेलं नाही.

बोडोनीचं सगळ्यात मोठं पुस्तक, टाइपांच्या नमुन्यांचं ‘मानुआले तिपोग्राफिको’, त्याने छापून झालेलं पाहिलंच नाही. तो गेल्यावर बायको मार्गेरिताने फोरमन लुईजी ओर्सीला हाताशी धरून काम तडीला नेलं. १८१८मध्ये दोन खंड निघाले. मुखपृष्ठामागच्या पानावर नवऱ्याचं नाव किताबासकट झळकतं. प्रकाशकाच्या जागी छापलंय एवढंच: ‘पार्मा, विधवेकडे’. पाच वर्षांनी ते खंड उभे करणाऱ्या बाईचं नाव घालायला त्या पानावर जागा नव्हती असं नाही. त्या पानावर जागाच जागा आहे. लेखकाला याचा खरोखर संताप येतो.

तो संताप त्याने जेवताना बायकोला ऐकवला. ती त्याच्याच लेखाची प्रुफं तपासत होती.

“माझं नाव घालू नकोस,” ती मान वर न करता म्हणाली, “पण पुढच्या कार्डाला निदान चौदा पॉइंट घे.”