टायरसिंधु

'धर्मसिंधु' हा ग्रंथ आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, पंढरपुरात, काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी १७९० च्या सुमारास सिद्ध केला. दोन दिवस एकादशी आली तर कोणती धरावी, ग्रहणात जेवावे की नाही, सुतक किती दिवस पाळावे, या सगळ्याचा निर्णय त्यात आहे. मात्र मोटारसायकलचा मागचा टायर झिजल्यावर नवा कोणता घ्यावा, याविषयी शास्त्रीबुवा मौन पाळतात. ही उणीव सव्वादोनशे वर्षे तशीच राहिली. ती भरून काढण्याचा अल्प यत्न प्रस्तुत लेखकाने अक्कलकोटच्या एका पंक्चरच्या दुकानासमोर, ग्रीसच्या पालथ्या डब्यावर बसून केला आहे.

ग्रंथारंभी चार गोष्टी सांगण्याची रीत आहे. विषय: लांब पल्ल्याच्या दमदार गाडीचा टायर. प्रयोजन: न घसरता घरी परत येणे. संबंध: गाडी आणि भूमी यांचा. मागच्या चाकावर दीडशे किलो भार आणि हवेचा दाब ३२ पौंड धरला, तर हा संबंध सुमारे ६७ चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे अर्धे पोस्टकार्ड. स्वार, मागे बसलेली पत्नी, गुडघ्यांमधली पिशवी आणि कर्जाचे हप्ते हा सगळा प्रपंच त्या अर्ध्या पोस्टकार्डावर चाललेला असतो. अधिकारी: ज्याचा टायर गुळगुळीत झाला आहे, खिशात पैसे आहेत, आणि घरी अजून सांगितलेले नाही, असा कोणीही.

इतिहासखंड

हवेच्या टायरचा आद्य प्रवर्तक कोण, यावर दोन पक्ष आहेत. लोकमत बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपच्या बाजूचे. हा गुरांचा डॉक्टर. मुलाच्या तिचाकीसाठी त्याने हवेचा टायर केला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. पण रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ सालीच त्याच कल्पनेचे पेटंट घेऊन ठेवले होते, त्यामुळे डनलॉपचे पेटंट पुढे टिकले नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, अक्कलकोटच्या श्रीस्वामी समर्थांनी समाधी घेतली १८७८ साली. म्हणजे डनलॉपच्या दहा वर्षे आधी. यावरून असे अनुमान निघते की, स्वामींचे प्रत्यक्ष दर्शन घेतलेला एकही भक्त डनलॉपी टायरवरून आला नव्हता. पायी, घोड्यावर किंवा बैलगाडीत बसून तो आला, आणि टायर कोणता घ्यावा या विवंचनेतून मुक्त होता. त्या काळी भक्ती दृढ होती म्हणतात, त्याचे हे एक कारण असावे.

भारतीय शाखेचा उगम फुग्यात आहे. एमआरएफचा प्रारंभ १९४६ साली मद्रासजवळ खेळण्यातले फुगे करण्यापासून झाला. तेव्हा स्वामींच्या वटवृक्ष मंदिराबाहेरचा फुगेवाला आणि टायरवाला हे एकाच कुळातले ठरतात. दोघेही हवाच विकतात. एकाच्या मालावर नक्षी असते.

प्रमाणखंड

टायरचे ज्ञान चार मार्गांनी होते.

पहिले प्रमाण प्रत्यक्ष. दुकानात जाऊन टायरमध्ये नख रोवायचे आणि 'कडक आहे' किंवा 'मऊ आहे' असे गंभीरपणे म्हणायचे. अक्कलकोटला हे प्रमाण जून ते फेब्रुवारीच चालते. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रबरच काय, रस्त्याचे डांबरही मऊ लागते आणि नख रोवणाराही.

दुसरे अनुमान. जिथे धूर तिथे अग्नी, तसे जिथे मध्य गुळगुळीत तिथे सरळ रस्ता. स्पोर्ट टूरिंग, म्हणजे लांब पल्ल्याच्या दमदार गाडीच्या, टायरची रचना येथे समजून घेतली पाहिजे. त्यात बहुधा दोन जातींचे रबर असते: मधोमध कडक, म्हणजे सरळ धावताना लवकर झिजू नये, आणि दोन्ही खांद्यांवर मऊ, म्हणजे वळणात गाडी कलली की रस्त्याला धरून राहावे. वाढीव किमतीत या खांद्यांचाही वाटा असतो. आता सोलापूर-अक्कलकोट रस्ता पाहा. सुमारे ४० किलोमीटर, चौपदरी, पठारावरचा. त्यावर गाडी कलते ती दोनच प्रसंगी: म्हैस आडवी आली असता आणि साइड स्टँडवर लावली असता.

परिणामी आमच्या टायरचा मध्य झिजून सपाट होतो आणि खांदे कारखान्यातून आले तसेच राहतात. इतके की, त्यांच्यावरचे केससुद्धा शाबूत असतात. हे केस म्हणजे साच्यातली हवा बाहेर पडावी म्हणून ठेवलेल्या बारीक भोकांत शिरलेले रबर. घाटातल्या गावांत ते पहिल्या आठवड्यात जातात. अक्कलकोटला ते टायरबरोबर म्हातारे होतात.

तिसरे उपमान. 'पुण्याच्या आतेभावाने अमुक टायर घेतला, ताम्हिणीत भर पावसात काय पकड आहे!' सिलिकायुक्त रबर ओल्या रस्त्यावर चांगले धरते, हे खरे. पण हे उपमान सीना नदी ओलांडेपर्यंत निकामी होते. आमचा पाऊस येतो तो उपकार केल्यासारखा, आणि आमची घसरण पाण्याची नसून मातीची असते. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांबरोबर काळी माती डांबरावर आणून ठेवतो. तिच्यावर एक सर पडली की, साबण आणि रस्ता यांतला भेद मावळतो. गळिताच्या हंगामात ट्रॉलीतून सांडलेला ऊस, एरवी वेड्या बाभळीचा काटा. या तिन्हींवर उतारा असलेले रबर अद्याप कोणाला साधलेले नाही.

चौथे शब्दप्रमाण. टायरच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, त्याची कुंडली कोरलेली असते. चाकणला बनणाऱ्या डॉमिनार ४०० या गाडीचा मागचा टायर १५०/६० आर १७ मापाचा. १५० मिलिमीटर रुंदी. तिच्या ६० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर, कुशीची उंची. 'आर' म्हणजे रेडियल. १७ इंची रिम. शेजारी ६६ हा आकडा असला तर भार ३०० किलो. चार आकडी जन्मखूणही असते: ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. ती न पाहता टायर घेणारा कुंडली न पाहता फक्त फोटोवर भाळणाऱ्यासारखा.

शेवटी वेगाचे अक्षर. एस म्हणजे ताशी १८०, टी १९०, यू २००, व्ही २४०. मध्येच एच आहे २१० चा. वर्णक्रम मोडून तो यू आणि व्ही यांच्यामध्ये बसला आहे, रिझर्वेशन नसताना खिडकीची जागा धरून बसावा तसा. २१० च्या टायरवर आम्ही गुरुवारच्या गर्दीत ताशी १२ च्या वेगाने मंदिराकडे सरकतो. मडगार्डवर स्वामींचे अभयवचन असतेच. पण ते पाठीशी असल्याचे आहे. पुढच्या चाकाबद्दल त्यात काही सांगितलेले नाही.

निर्णयखंड

चारही प्रमाणांत एकमत न झाल्यास आप्ताला शरण जावे. आमचे आप्त म्हणजे पंक्चरवाले मामा. ते मराठीत निदान करतात आणि कानडीत निकाल देतात. त्यांनी जुन्या टायरवरून अंगठा फिरवला.

"मधी गेलाय बघा, मालक. कडंला केस तसंच हाईत की."

"म्हणून तर विचारतोय मामा. नवा कसला घेऊ?"

"मधी टणक असलेला घ्या. खांदा मऊ घेऊन कुठं टेकवणार? हितं वळण हाय कुठं?"

"तुळजापूरचा घाट आहे."

मामांनी हवेची नळी खाली ठेवली. "वर्षातनं किती डाव जाता?"

"एकदा. नवरात्रात."

"साकु," मामा म्हणाले. साकु म्हणजे पुरे. हा सिद्धान्त.

तरीही प्रस्तुत लेखकाने मऊ खांद्यांचाच टायर घेतला, हे नम्रपणे नमूद करतो. शास्त्र सांगते तसे वागायचे असते तर प्रायश्चित्ताचे प्रकरण कोणी लिहिलेच नसते. नवरात्रात तो तुळजापूरच्या घाटात नेला. पुढे एसटी होती, तिच्यापुढे उसाचा ट्रॅक्टर; सगळी वळणे पहिल्या गिअरमध्ये, ताठ बसून पार पडली. घरी येऊन खांदे तपासले. एकही केस वाकडा झाला नव्हता.

जुना टायर मामांनी शेजारच्या चहाच्या टपरीवर टाकला, वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून. तो तिथे आडवा पडला आहे. आयुष्यात प्रथमच पूर्ण कललेला. पत्र्याला त्याचा टेकतो तो खांदा की कूस, यावर मामांचा आणि माझा मतभेद असून त्याचा विचार उत्तरार्धात करू.