चार गुणांचा मार्क्स

दिल्लीपासून गल्लीपर्यंतच्या सगळ्या सरकारांना एक कळकळीची सूचना आहे. पाठ्यपुस्तकांतून प्रकरणं वगळू नका. एखाद्या विचाराची खरोखरच धास्ती वाटत असेल, तर तो अकरावी-बारावीला लावा. त्याच्यावर ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ असा प्रश्न टाका, चार गुण ठेवा आणि निर्धास्त झोपा. मार्चपर्यंत त्या विचाराचं नुसतं नाव काढलं तरी पोरं जांभया द्यायला लागतील.

कार्ल मार्क्सचंच बघा. या गृहस्थाला १८४५मध्ये फ्रान्सने घालवलं, १८४८मध्ये बेल्जियमने, १८४९मध्ये प्रशियाने. तीन देशांचे पोलिस मागे लागले तरी जो नमला नाही, त्याला आमच्या शेजारच्या अकरावीतल्या मुलीने एका संध्याकाळी ऑप्शनला टाकला. मी कारण विचारलं. म्हणाली, “काका, मार्क्सचे मुद्दे फार आहेत. डरखाईम करते, तो छोटा आहे.”

इंग्रजांनाही हे सुचलं नाही. गांधीजींनी १९०९मध्ये ‘हिंद स्वराज’ लिहिलं आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने ते जप्त केलं. सावरकरांच्या अठराशे सत्तावनच्या ग्रंथावर तर तो छापून हातात पडायच्या आधीच बंदी आली. केवढा तो व्याप! पाकिटं फोडायची, सामानाच्या झडत्या घ्यायच्या, मागावर माणसं ठेवायची. त्यापेक्षा दोन्ही पुस्तकं मॅट्रिकला लावली असती आणि खाली ‘लेखकाचे यंत्रविषयक विचार थोडक्यात लिहा’ असा स्वाध्याय दिला असता, तर युनियन जॅक अजून फडकत असता.

अभ्यासक्रमात गेलेल्या विचाराचा निकाल कसा लागतो, ते बघण्यासारखं आहे. प्रत्येक वादाची आधी व्याख्या येते, मग उदय, वैशिष्ट्ये, महत्त्व आणि शेवटी टीका. टीका आवश्यकच, तिला एक गुण राखीव असतो. उदारमतवाद असो, समाजवाद असो की स्त्रीवाद, टीकेचे मुद्दे तीन. चौथा सुचला तर तो पुरवणीत राहू द्यावा, तपासणाऱ्याच्या आदर्श उत्तरपत्रिकेत त्याला जागा नसते. परीक्षा अकराला सुरू होते. साडेअकरापर्यंत विद्यार्थी उदारमतवादी असतो, बाराला समाजवादी, साडेबाराला गांधीवादी. दोनच्या घंटेला तो कुठल्या वादात आहे हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. इतकी पक्षांतरं आपल्या आमदारांनाही एका अधिवेशनात जमलेली नाहीत, आणि ते काही कमी मेहनती नव्हेत.

या सगळ्यात माझा सर्वांत लाडका प्रश्न म्हणजे स्वमत. ‘तुमचे मत लिहा.’ आता सोळा-सतरा वर्षांच्या पोराला मत असणं ही किती जोखमीची गोष्ट! घरात विचारत नाहीत, वर्गात विचारत नाहीत, आणि बोर्ड थेट परीक्षेत विचारतं. पण गाईडवाल्यांनी मुलांना वाऱ्यावर सोडलेलं नाही. स्वमताचं उत्तर गाईडात तयार छापलेलं असतं. सुरुवात ‘माझ्या मते’ अशी, शेवट ‘असे मला वाटते’ असा, मध्ये चार वाक्यं. त्यामुळे एकाच केंद्रावरच्या पंचवीस मुलांना एकाच वेळी, एकाच शब्दांत, अगदी आतून तेच वाटतं. समाजाचे सामूहिक भान व्यक्तीपेक्षा प्रबळ असते हे समाजशास्त्रज्ञ डरखाईमला मोठमोठे ग्रंथ लिहून पटवावं लागलं. त्याला बारावीचा एक गठ्ठा तपासायला दिला असता तर दुपारपर्यंत काम झालं असतं.

समाजशास्त्राचं काय होतं तेही ऐका. हे शास्त्र आपल्याला काही परकं नाही. मुंबई विद्यापीठात त्याचा विभाग १९१९मध्ये निघाला आणि तो नावारूपाला आणला मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात जे चार भारतीय समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांत एक घुर्ये आणि दोघे, अ. र. देसाई नि एम. एन. श्रीनिवास, त्यांचे विद्यार्थी. म्हणजे घरचंच कार्य. घुर्ये यांनी जातीची सहा वैशिष्ट्यं सांगितली. सहा वैशिष्ट्यं म्हणजे सहा मुद्दे, आणि सहा मुद्दे म्हणजे गुणांची सोय. १९३६मध्ये लाहोरच्या एका जातिभेद मोडायला निघालेल्या मंडळाला बाबासाहेबांचं जातीवरचं भाषण आधी वाचून इतका घाम फुटला की त्यांनी परिषदच गुंडाळली. आपल्याकडे तोच विषय भरदुपारी, पंख्याखाली, हजेरी घेऊन शिकवतात आणि कुणाला साधी शिंकसुद्धा येत नाही.

परवा त्याच शेजारच्या मुलीची उजळणी चालली होती. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला ती बोटांवर वैशिष्ट्यं मोजत होती. खंडात्मक विभाजन, श्रेणीरचना, खाण्यापिण्यावरची बंधनं, काहींना विशेषाधिकार नि काहींना मज्जाव, व्यवसायाच्या निवडीला मोकळीक नाही... पाच झाले. सहावा काही केल्या आठवेना. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची आई मोठ्या मुलीचा विवाहमंडळाचा फॉर्म भरत होती. ‘अपेक्षा’ या रकान्यात पोटजात लिहून कंसात ‘अनुरूप’ घालावं की नको, याचा विचार चालला होता. मान वर न करताच ती म्हणाली, “अगं, लग्नाचं काहीतरी असेल बघ.” मुलीने पुस्तक उघडलं. सहावा मुद्दा: विवाहावरील निर्बंध. दोघींना बरं वाटलं. मुलीने मुद्द्याखाली हिरव्या पेनाने रेघ मारली, आईने फॉर्मावर फोटो चिकटवला.

तर सांगत काय होतो, विचार अभ्यासक्रमात गेला की कुणाच्या केसालाही धक्का लावत नाही. दहावीत तर लोकशाहीची व्यवस्था आम्ही बारा गुणांत उरकली आहे. इतिहास नि राज्यशास्त्राचा मिळून पेपर चाळीसचा, त्यात राज्यशास्त्राला बारा. त्या बारांत संविधान, निवडणुका, राजकीय पक्ष, चळवळी नि लोकशाहीपुढची आव्हानं. पाच प्रकरणं, बारा गुण! आव्हानांच्या वाट्याला किती येतात ते ज्याने त्याने काढावं. त्यातलं राजकीय पक्षांचं प्रकरण शिकवणाऱ्या बाईंची मला मनापासून दया येते. २०२२च्या जूनपासून साधारण वर्षभरात राज्यातले दोन पक्ष उभे फाटले. नाव कुणाचं, चिन्ह कुणाचं हे निवडणूक आयोगाला ठरवावं लागलं, मग प्रकरण कोर्टात. आणि बाई फळ्यावर लिहितात, ‘योग्य पर्याय निवडा.’

बरं, बारावीला सुटका झाली असं कुणाला वाटत असेल तर त्याने सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एक फेरी मारावी. ऑप्शनला टाकलेला मार्क्स तिथे वैकल्पिक विषय होऊन परत आलेला असतो, यूपीएससीच्या पाचशे गुणांच्या दोन पेपरांत. राज्यसंस्था एक दिवस विरून जाईल असं सांगणाऱ्या मार्क्स-एंगल्सच्या नोट्स पाठ करून आपली मुलं कलेक्टर होतात. लाल दाढीला लाल दिवा देण्याची ही किमया मॉस्कोलाही साधली नाही.

इतका चोख बंदोबस्त हाताशी असताना दिल्लीला कात्री चालवण्याची हौस का येते, हे मला समजत नाही. २००६मध्ये निघालेल्या एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं एक जुनं व्यंगचित्र होतं. संविधान नावाच्या गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. सहा वर्षं ते पुस्तक दप्तरांतून हिंडलं. २०१२च्या मे महिन्यात संसदेने ते उघडलं, आणि एका दिवसात मंत्र्यांनी चित्र मागे घेतलं, योगेंद्र यादव नि सुहास पळशीकर या मुख्य सल्लागारांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. चित्राने दुखावलेल्यांचं दुखणं खरंच होतं, त्यावर वाद घालण्यासारखंही पुष्कळ होतं. पण वाद हा वर्गातला प्रकार. पुढे २०२३मध्ये, इतकी कापाकापी झाली आहे तर आता पुस्तकांवरून आमची नावंही काढा, असं या दोघांनीच कळवलं. एनसीईआरटीने सांगितलं, तसा प्रश्नच उद्भवत नाही. धडे गळले, नावं टिकली.

आणि २०२०! करोनाचं निमित्त, मुलांचा भार हलका करायचा म्हणून सीबीएसईने जुलैत तीस टक्के अभ्यासक्रम त्या वर्षापुरता कमी केला. अकरावीच्या राज्यशास्त्रातून संघराज्य, नागरिकत्व, राष्ट्रवाद नि धर्मनिरपेक्षता ही प्रकरणं सबंध गेली. मुलांच्या डोक्यावरचा हा भार मोठ्यांनी आपल्या डोक्यावरून कधीच उतरवून ठेवला होता, तेव्हा न्याय सर्वांना सारखा झाला म्हणायचं.

पण त्याच वर्षी काय घडलं, ते आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी सांगितलं. ऑनलाइन तासाला एका मुलाने माइक चालू केला.

“सर, धर्मनिरपेक्षतेवर एक शंका आहे.”

“ते काढलंय बाळा. परीक्षेला नाही.”

“माहितीये सर. म्हणूनच वाचलं. काढलंय म्हणजे काहीतरी असणार.”

शिक्षक चपापले. मुलाने शंका विचारली. शंका चांगली होती आणि तिचं उत्तर कुठल्याच गाईडात नव्हतं. मग दुसऱ्याने माइक चालू केला, त्याचं म्हणणं वेगळं. तिसरी मुलगी त्या दोघांचंही खोडायला निघाली. तास संपून गेला तरी कुणी बाहेर पडेना, आणि चाचणीला काय येणार हे एकानेही विचारलं नाही. एवीतेवी कॅमेरे बंद ठेवून झोपणारा वर्ग तो. शिक्षकांनी घाबरून मुख्याध्यापकांना फोन लावला.

मुख्याध्यापक अनुभवी होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच रात्री मंडळाला पाठवायच्या पत्राचा कच्चा मसुदा करून ठेवला. विषय: वगळलेली प्रकरणे अभ्यासक्रमात पूर्ववत समाविष्ट करणेबाबत. कारण: विद्यार्थी ती वाचू लागले आहेत.