खोट्या शिवराईचं गिऱ्हाईक

नाणी जमवणाऱ्या माणसाला पाहुण्यांची फार ओढ असते. पाहुण्यांना पोह्यांची असते. पोहे होईपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात मी अल्बम उघडतो, गळ्यात भिंग अडकवतो (ते गळ्यात अडकवायची काही गरज नसते) आणि आवाज खाली आणतो. खालच्या आवाजात सांगितलेलं जास्त जुनं वाटतं.

"ही शिवराई. शिवरायांच्या नावाचं तांब्याचं नाणं."

पाहुणे आदराने हात पुढे करतात. मी नाणं मागे घेतो. "कडेनं धरायचं. बोटांना घाम असतो, घामात मीठ असतं." पाहुणे ओशाळून आपल्या बोटांकडे बघतात आणि माझं समाधान होतं. मग ते विचारतात, "किती येतील हो याचे?" मी चेहऱ्यावर दुखावल्याचा भाव आणतो. बाजारातला भावही मला तोंडपाठ असतो, पण तो सांगत नाही.

"पण खरी आहे कशावरून?" असं विचारणारा पाहुणा मला सगळ्यात प्रिय. त्याला मी कड दाखवतो. खरी शिवराई छाप्याखाली घणाने ठोकलेली. तांबं दाबाने पसरतं, कडेला चिरतंसुद्धा. खोटी बहुधा ओतीव. तिच्या कडेला साच्याच्या दोन भागांमधली रेघ असते, ती कानशीने घासून टाकली असेल तर कानशीच्या खुणा असतात, आणि भिंगातून बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात. या अभ्यासाचा परिणाम असा की आता मला कशाचाच भरवसा वाटत नाही. भाजीवाली दहाचं नाणं खोटं म्हणून परत करते, तेव्हा इतर गिऱ्हाइकं चिडतात. मी तिला समव्यवसायी मानतो.

मला खरा हेवा वाटतो तो मात्र सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा. नहपानाला हरवल्यावर त्याची नाणी वितळवत बसायचं सोडून याने थेट नहपानाच्या तोंडावर आपला चैत्य ठोकला आणि पाठीवर उज्जयिनी चिन्ह. आहेरात आलेल्या डब्यावर आधीच्या कुणाचं तरी नाव असावं आणि आपल्या घरच्यांनी त्यावरच आपलं घालून घ्यावं, तसा प्रकार. काही नाण्यांवर चैत्याच्या आडून नहपानाचं नाक अजून डोकावतं. पुढे आईसाहेब गौतमी बलश्रींनी नाशिकच्या लेण्यात लेख कोरवला आणि त्यात मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश निःशेष केल्याचं नमूद केलं. म्हणजे मुलाने नाव घातलं नाण्यांवर, आईने डोंगरावर. नऊ हजार वेळा घण मारणाऱ्याच्या खांद्याचं पुढे काय झालं, याबद्दल मात्र लेण्यात एक ओळ नाही. माझ्याकडे घण नाही, म्हणून मी प्रत्येक पाकिटात चिठ्ठी घालतो. तिच्यावर नाण्याच्या वजनापेक्षा माझं नाव ठळक असतं.

असो. सांगायचं होतं ते खोट्या नाण्यांबद्दल. खोटं नाणं विकणाऱ्याची गोष्ट ठरलेली: "शेतात नांगरताना सापडलं, साहेब." आता १८७८ चा कायदा म्हणतो की जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. म्हणजे गोष्ट खरी असेल तर विक्रेता गुन्हेगार, आणि खोटी असेल तर नाणंही खोटं. तरीही आम्ही कान टवकारून ऐकतो. खऱ्या शिवराईचा छापा पुष्कळदा तांब्याच्या चकतीहून मोठा असे, त्यामुळे कुणावर "श्री राजा" आलं तर "शिव" कापलं गेलं, कुणावर "छत्र" आहे तर "पति" अर्धं. खोटी शिवराई पाहा: श्री, राजा, शिव, छत्रपति, सगळं जिथल्या तिथे, भोवती मोत्यांची अख्खी माळ. खोटी नाणी पाडणारा इतिहासाचा नसला तरी माझा अभ्यास चोख करून बसलेला असतो. मला काय बघायला आवडेल, तेच तो ओततो. दुर्मिळातला दुर्मिळ शिवकालीन होन सोन्याचा मुलामा देऊन, महाराजांच्या नावाने गहिवर काढून विकला जातो, तेव्हा मात्र हसू येत नाही. घेणाऱ्याच्या भक्तीवरच तो धंदा चालतो.

खरं नाणं मिळालं की ते सांभाळण्याचा घोर लागतो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो, म्हणून पॉलिएस्टरची पाकिटं. लाकडी कपाटात सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांची पांढरी भुकटी होऊ लागते, म्हणून लोखंडी कपाट. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या. नाण्यांचं हवापाणी मी इतकं जपतो की घरच्यांना त्यांचा मत्सर वाटतो. आणि साफसफाई? अजिबात नाही! तांब्यावर शतकांनी चढलेलं काळसर पुट हेच त्याचं कवच.

हे सगळं मी आत्याला समजावून सांगितलं. तिच्या देवघरात एक शिवराई आहे, सासूकडून आलेली. दर लक्ष्मीपूजनाला तिला पंचामृताचं स्नान आणि त्याआधी चिंच-रांगोळीने घासणं. "आत्या, नाणं मरतं गं अशानं!" आत्या म्हणाली, "मग काय, देवात काळं ठेवू?" मी भिंग लावून पाहिलं. "श्री"चा वेलांटीकडचा भाग तेवढा ओळखू येतो, बाकी सपाट. बाजारात या शिवराईला कुणी विचारणार नाही, आणि म्हणूनच अशी शिवराई ओतायच्या भानगडीत कुणी खोटारडा पडत नाही. जी नाणी कुठल्याशा हंड्यात नुसती पडून राहिली, त्यांची अक्षरं शाबूत आहेत आणि आम्ही त्यांच्यासाठी पैसे मोजतो. ही आधी बाजारात झिजली, मग तीन पिढ्यांच्या हातांनी देवघरात झिजली. माझ्या अल्बममधल्या एकाही नाण्याबद्दल मी शपथेवर सांगणार नाही, पण ही खरी आहे.

एवढं कळूनही पुढच्या प्रदर्शनात मी कुठे उभा असेन, ते विचारू नका. अख्खी मोत्यांची माळ असलेल्या ट्रेपाशी शोधा.