१२० बाय १२० सहकार्य

आपत्तीचा धोका कमी करायचा तर सरकार आणि उद्योगांनी हातात हात घालून काम करावे, असे २०१५ साली जपानच्या सेंदाई शहरात ठरले. भारतानेही मान डोलावली. तेव्हापासून तज्ज्ञ मंडळी परिषदांमधून हळहळतात, की हे सहकार्य कुठे दिसतच नाही. त्यांना मुंबईत घाटकोपरच्या छेडानगरातला जाहिरात फलक कुणी दाखवला नसावा. १२० फूट उंच, १२० फूट रुंद, पूर्व द्रुतगती मार्गावरून आंधळ्यालाही दिसेल असे सहकार्य तिथे उभे होते.

जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, परवानगीही त्यांचीच, फलक खासगी कंपनीचा, पायथ्याशी पेट्रोल पंप. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. म्हणजे हा भरला नऊपट. पण मर्यादा महापालिकेची आणि जागा पोलिसांची, तेव्हा कुणी कुणाच्या घरात नाक खुपसले नाही. उलट विक्रमांच्या पुस्तकात नाव लागले. नियम मोडून सत्कार हवा असेल तर एवढे भव्य मोडावे लागते. फुटपाथवर चार टोपल्या मांडणाऱ्या भाजीवालीने उगाच आशा धरू नये. आसपासच्या झाडांना विष घातल्याच्या तक्रारी झाल्या, त्या तक्रारींच्या जागी गेल्या. भाडे पोलिसांकडे, कमाई कंपनीकडे आणि धोका तेवढा करारावर सही नसलेल्यांकडे, अशी चोख वाटणी होती.

धोक्याचा विचारच झाला नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. महापालिकेच्या यादीवरच्या अभियंत्याने ‘रचना भक्कम’ असे प्रमाणपत्र दिले होते. पुढे व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तपासणीत निघाले, की सांगाडा ताशी ४९ किलोमीटरचा वारा सोसू शकत होता. सोसायला हवा होता १५८चा. १३ मे २०२४च्या दुपारी वादळ आले ते ८७चे. प्रमाणपत्र असताना फलक पडला, तेव्हा चूक उघड उघड वाऱ्याची.

१७ माणसे गेली. कुणी पेट्रोल भरायला थांबले होते, कुणी वादळात आडोसा म्हणून. खाली पेट्रोलच्या टाक्या, त्यामुळे लोखंड कापायला गॅस कटर लावायचीही सोय नव्हती. जवान सांगाड्याखाली माणसे शोधत होते आणि बाहेर हद्दीची मोजणी चालू होती. रेल्वे म्हणाली, जागा आमची नाही. महापालिका म्हणाली, परवानगी आमची नाही. लोहमार्ग पोलीस म्हणाले, परवानगी आधीच्या आयुक्तांची. एवढे एकमत एरवी अर्थसंकल्पावरही होत नाही.

राहिली कंपनी. तिच्या संचालकाने उच्च न्यायालयात सांगितले, की ही देवाची करणी. चला, सहकार्यात आणखी एक भागीदार आला! आता देवाचा पत्ता कुठल्या वॉर्डात येतो एवढे ठरले, की नोटीस निघेल.