काचेआडचं श्रीखंड

स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा ओटा, टाइल्स आणि नळ ठरले की आपण सुटलो, असा माझा समज होता. तेवढ्यात इंटिरिअरवालीनं विचारलं, "काका, वरच्या कपाटांना काचेची दारं करायची की ओपन शेल्फ?"

ओपन शेल्फचा तिनं फोटोच दाखवला. पांढरी भिंत, दोन लाकडी फळ्या, त्यांवर चार बशा, एक रोपटं आणि एक लिंबू. आईनं चष्मा लावून पाहिलं. "ही फळी आहे. वाड्यात होती आपल्या. काढून टाकायला ह्यांनी सुताराला पैसे मोजले होते."

तुळशीबागेतून आणलेली स्टीलची मांडणीही मला आठवली. खाचांत उभी ताटं, खाली वाट्यांची चवड, आकड्यांना लटकलेले कप. सगळं उघडं! पण घरात नऊ माणसं. ताट घासून उपडं घालेपर्यंत पुढची पंगत तयार, त्यामुळे त्याच्यावर बसायला धुळीला सवडच मिळत नसे. आता आम्ही तिघं. मोठी परात दिवाळीला निघते ती थेट पुढच्या दिवाळीला.

त्यात आमच्याकडे फोडणी होते. कढईतून उठलेली तेलाची वाफ वर जाऊन गार होते, जिथे टेकेल तिथे पुट धरते, आणि मग धूळ तिथे कायमची राहायला येते. खात्री करायची असेल तर फ्रिजच्या डोक्यावरून बोट फिरवावं. चिमणी आहे, पण ती फार आवाज करते म्हणून मिरचीचा ठसका हॉलमध्ये पोचल्यावरच लावायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. फोटोतल्या घरात बहुधा लिंबूच खात असावेत.

"मग काचच लावा," बायको म्हणाली. "निदान पुसता तरी येते."

पण काचेआड ठेवायचं काय? मी मोजदाद केली. श्रीखंडाचे रिकामे डबे अकरा, झाकणं नऊ, जमणाऱ्या जोड्या चार. कान तुटलेले कप तीन, 'पेनं ठेवायला होतील' म्हणून जपलेले. स्टीलचे डबे देखणे, पण प्रत्येकावर कोरलेलं: 'चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम, १९७१'. तुरीच्या डब्यात साखर, साखरेच्या डब्यात रवा. हा नकाशा फक्त आईला पाठ. ही सगळी गुपितं ५ मिलिमीटरच्या काचेमागे मांडायची म्हणजे धुणं दर्शनी गॅलरीत वाळत घालण्यापैकीच.

शेवटी सुतारानं तोड काढली: उभ्या रेघांची काच. "आत काहीतरी आहे एवढंच दिसतं, साहेब. काय आहे ते कळत नाही." इतकी मुत्सद्दी काच मी आयुष्यात पाहिली नव्हती. चहा-साखरेपुरती एक फळी उघडी ठेवली, आईच्या मानासाठी. तिच्यावर तिसऱ्या दिवशी औषधांच्या गोळ्या, रबरबँड आणि लाइटबिल येऊन बसलं.

नवं स्वयंपाकघर बघायला पहिल्या आल्या त्या आत्या. ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला आणि काचेसमोर थबकल्या. रेघांमागे पिवळे-केशरी ठिपके झिरपत होते.

"श्रीखंडाचे डबे ना गं?" आत्या बायकोला म्हणाल्या. "एक दे बाई. उरलेली भाजी नेते घरी."

डबा लगेच मिळाला. झाकण अजून शोधतोय.